घंटा मुकी कोण करते?

आगीची सूचना देणाऱ्या आधुनिक यंत्रणेच्या नियंत्रण फलकावर प्रत्येक शोधकाचा क्रमांक आणि प्रकार नोंदवावा लागतो. हा धुराचा, तो उष्णतेचा, पलीकडचा ज्वाळेचा. हे तंत्रज्ञाचे काम आहे, अशी समजूत करून घेऊन कामगार चळवळीने आजवर त्याकडे पाहिलेले नाही. वस्तुतः कोणत्या जागी माणसाला किती आधी सावध करावयाचे, याचा निर्णय याच नोंदीत दडलेला असतो.

जालना जिल्ह्याचे उदाहरण घ्यावे. 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आलेला हा जिल्हा कापसाच्या जिनिंगसाठी, बियाण्यांसाठी आणि पोलादाच्या रोलिंग मिलसाठी ओळखला जातो. जिनिंगच्या दालनात कापसाचे तंतू सतत उडत असतात. तेथे साधा धूरशोधक बसविला तर तो तंतूंनाच धूर समजतो. चार खोट्या सूचना झाल्या की घंटा बंद करण्यात येते, आणि खरी आग लागते तेव्हा ती बंदच असते. तेथे उष्णता वा ज्वाळा ओळखणारा शोधक हवा. उलट, रुग्णालयाच्या कक्षात केवळ उष्णताशोधकावर विसंबणे घातक होय. नेहमीचा उष्णताशोधक 60 अंश सेल्सिअसच्या आसपास जागा होतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला धूर त्यापूर्वीच गुदमरवून टाकतो.

फलकावरील नोंद आणि प्रत्यक्ष शोधक यांत विसंगती असेल तर अनेक फलक दोष दाखवितात. परंतु खोलीचा उपयोग बदलला, हे कोणत्याही फलकाला कळत नाही. कालचे कार्यालय आज गाठींचे गोदाम झाले, तरी नोंद कालचीच राहते. ते कळते तेथे राबणाऱ्या माणसाला. आणि त्यालाच कोणी विचारीत नाही.

यामागे एक अर्थशास्त्रही आहे. खोट्या सूचनेने तासभर काम थांबले, तर तो तोटा मालकाच्या वहीत त्याच दिवशी दिसतो. घंटा मुकी केल्याने वाढलेली जोखीम मात्र कोणत्याच वहीत लिहिली जात नाही. ती कामगाराच्या खाती जमा होते.

9 जानेवारी 2021 रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाच्या आगीत 10 बालके दगावली. त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता कक्षात 11 रुग्ण मरण पावले. दोन्ही प्रकरणांत परिचारिकांवर गुन्हे दाखल झाले. ज्यांना यंत्रणा निवडण्याचा अधिकार नव्हता, त्यांनाच आरोपी व्हावे लागले. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याने जबाबदारी मालकावर वा भोगवटादारावर टाकली आहे, आणि दर सहा महिन्यांनी, जानेवारी व जुलैत, परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र सादर करण्याचे बंधन घातले आहे. हा कागद कामगाराच्या नजरेस सहसा पडत नाही.

म्हणून कामगार संघटनांच्या मागणीपत्रकात तीन साध्या मागण्या याव्यात. कोणत्या खोलीत कोणता शोधक आहे, याचा मराठी तक्ता दर्शनी भागी लावावा. सहामाही चाचणी कामगार प्रतिनिधीसमक्ष व्हावी. आणि घंटा बंद केली, तर कोणाच्या हुकुमाने, केव्हा व का, याची सहीनिशी नोंद व्हावी. पगारवाढीसाठी झगडणाऱ्या संघटनेला हा प्रश्न किरकोळ वाटू नये. वाढलेला पगार घेण्यासाठी कामगार संध्याकाळी जिवंत घरी परतला पाहिजे.