ज्याची सही, त्याचं काम

इचलकरंजीतल्या आमच्या बँकेच्या शाखेत जुलै-ऑगस्ट म्हणजे शैक्षणिक कर्जांचा हंगाम. वडील, आई आणि ज्याच्या नावावर कर्ज निघणार तो मुलगा, असे तिघं माझ्या टेबलासमोर येऊन बसायचे. मी मुलाला विचारायचे, "कुठल्या कॉलेजला नंबर लागला रे?" उत्तर वडील द्यायचे. "कोर्स किती वर्षांचा?" ते आई सांगायची. सहीची वेळ आली की वडील कागदावर बोट ठेवायचे, "इथं कर. आता इथं." आणि तो गुणी मुलगा एक ओळ न वाचता सह्या करत जायचा.

या कर्जात मुख्य कर्जदार विद्यार्थी असतो, वडील सहकर्जदार. शिकत असताना हप्ते भरावे लागत नाहीत, शिक्षण संपल्यावरही साधारण वर्षभर सवलत मिळते. पण व्याज तेवढ्या काळात थांबून राहत नाही. हप्ते थकले तर सिबिलला मुलाचंही नाव खराब होतं आणि पुढं घरासाठी कर्ज मागायला गेला की ते आडवं येतं. हे मी मुलाकडं बघून सांगायला लागले की वडील मध्येच म्हणायचे, "ते मी बघतो, मॅडम. त्याला फक्त अभ्यास करू दे."

प्रेमापोटीच म्हणतात, मला मान्य आहे. पण लाखांच्या कर्जावर सही करणाऱ्याला त्या कर्जातलं काहीच कळू द्यायचं नाही, हे कसलं प्रेम?

हल्ली मुलांना 'जीवनकौशल्यं' शिकवायची टूम आहे. सुट्टीत शिबिरं निघतात, मुलं पोळ्या लाटतात, बटण लावतात, आया व्हिडिओ काढतात. चांगलंच आहे. मात्र माझ्या मते ही सोपी कौशल्यं झाली. खोलीवर राहायला लागलं आणि मेसचं जेवण नकोसं झालं की खिचडी कुणालाही येते. अवघड असतं ते अनोळखी माणसाकडून आपलं काम करून घेणं. खिडकीवरचा माणूस वैतागलेला आहे, एक झेरॉक्स कमी पडलीय, तो म्हणतो "उद्या या". अशा वेळी गप्प परत फिरायचं, भांडायचं, की शांतपणे "उद्या आणखी काय काय आणू, एकदाच सांगा" असं विचारायचं? हे शिबिरात शिकवता येत नाही. त्यासाठी खरं काम लागतं आणि ते बिघडलं तर बिघडण्याची मुभा लागते.

आमच्याकडं एका किराणा दुकानदाराची मुलगी दहावीत असताना भरणा घेऊन यायची. नोटा सगळ्या एका तोंडाच्या, दुमडलेले कोपरे सरळ केलेले, फाटकी नोट वेगळी काढून वर ठेवलेली. स्लिपच्या मागं कुठल्या किती नोटा ते लिहिलेलं. रोखपालानं गड्डी यंत्रात घातली की हिची नजर आकड्यावर. एकदा यंत्रानं एक नोट कमी दाखवली, तर घाबरली नाही, रडवेली झाली नाही. म्हणाली, "दोन नोटा चिकटल्या असतील, परत घाला." तसंच निघालं. दुकानात राबणाऱ्या पोरांचं मी कौतुक करत नाही, त्यात अनेकांची शाळा बुडते. ही मात्र शाळा सांभाळून यायची, आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला निघालेल्या, वडिलांच्या बोटाकडं बघून सह्या करणाऱ्या मुलांपेक्षा जास्त मोठी वाटायची.

आता ओटीपीचं बघा. मुलाचं खातं लहानपणी उघडलेलं, त्याला मोबाइल नंबर जोडलेला वडिलांचा. मुलगा सज्ञान झाला, पुण्याला किंवा बंगळुरूला गेला, नंबर तोच. तिकडं त्यानं फी भरायला घेतली की ओटीपी इकडं वडिलांच्या फोनवर. मग फोनाफोनी. वडील यंत्रमागांच्या खडखडाटात ओरडून आकडे सांगतात, मुलगा तिकडं टाइप करतो. हे वर्षानुवर्षं चालतं. कुणीही मागितला तरी ओटीपी सांगू नका, असं आम्ही शाखेत फलक लावून सांगायचो. आणि फोनवर ओटीपी सांगायची सवय घराघरांत आईवडीलच लावत होते. आईचा यूपीआय पिन तर घरातल्या शेंडेफळालाही पाठ असतो. पिन लागतो तो पैसे द्यायला, घ्यायला नव्हे, एवढी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना नीट माहीत असती तरी किती जणांचे पैसे वाचले असते. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा असतो, हेही किती मुलांना ठाऊक आहे?

घरच्यांना व्यवहारापासून असं लांब ठेवण्याची दुसरी बाजू मी काउंटरवर फार जवळून पाहिली. नवरा गेल्यावर पन्नाशीच्या बायका यायच्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत सगळे कागद. ठेव कुठल्या बँकेत, नॉमिनी म्हणून नाव लावलंय की नाही, विम्याचा हप्ता भरलाय का, काही माहीत नाही. "हे सगळं ते बघायचे हो." या बाईला माहेरी स्वयंपाक, शिवण, पाहुणचार सगळं शिकवलेलं. बँक मात्र भावाला. त्या पिढीत निदान भावाला तरी शिकवायचे. आता 'फक्त अभ्यास'च्या नादात मुलगा आणि मुलगी दोघांनाही त्या पिशवीच्या वाटेवर आणून सोडलंय. समानता आली म्हणायची ती अशी!

यासाठी शाळेत आणखी एक विषय नको. कार्यानुभवाचं काय झालं ते आपण पाहिलं. कित्येक घरी वस्तू आईनं केली आणि गुण मुलाला मिळाले. त्यापेक्षा संचयिका, म्हणजे शाळेतली मुलांची बचत बँक, बरी होती. आमच्या शाळेत नववीतली मुलगी वही घेऊन बसायची आणि आम्ही तिच्याकडं पैसे भरायचो. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून खऱ्या कामातून शिकण्याचं हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर राबवलं. आठवड्यातला एक दिवस मुलांनी हातानं काम करायचं: वेल्डिंग, वायरिंग, शेती, रक्ततपासणी. यातली कितीतरी कामं गावाच्या खऱ्या गरजेची असतात. वायरिंग चुकलं तर दिवा लागत नाही, तिथं पाठांतराचा उपयोग नसतो.

नियमांचीही अडचण नाही. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःच्या सहीनं बचत खातं चालवू द्यायला रिझर्व्ह बँकेनं २०१४ मध्येच मोकळीक दिली आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याविषयी नव्यानं सूचना काढल्या. किती रकमेपर्यंत व्यवहार करू द्यायचे, ते बँक ठरवते. खात्यात असेल तेवढेच पैसे काढता येतात, उधारी नाही. याहून कमी धोक्याची शाळा कुठली? तरी असं खातं स्वतः चालवणारी मुलं आमच्या शाखेत क्वचितच दिसली.

आईवडील म्हणतील, सीईटी-जेईईच्या धबडग्यात वेळ कुठला? दोन वर्षांच्या क्लासमधून बँकेची एक सकाळ, गॅस एजन्सीची एक दुपार निघत नाही, हे मला पटत नाही. खरी अडचण आपल्या घाईची असते. आपण केलं तर दहा मिनिटांत होतं, मुलगा तासभर लावतो, स्लिपवर खाडाखोड करतो, दोन हेलपाटे घालतो. घालू द्या. तुम्ही बरोबर गेलात तरी दाराजवळच्या बाकावर बसा आणि खिडकीतून तुम्हाला हाक आली तरी उठू नका.

बँकेतल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांनाही एक सांगणं आहे. प्रश्न मुलाला विचारा आणि उत्तर त्याच्याच तोंडून येईपर्यंत थांबा, मागं रांग असली तरी.

आणि घरात कुणाला नुकतंच अठरावं वर्ष पूर्ण झालं असेल, तर त्याला हॉस्टेलवर सोडायच्या आधी शाखेत पाठवा. सज्ञान झाल्यावर नमुना सही नव्यानं द्यावी लागते, केवायसीचे कागद लागतात, आणि त्याच वेळी खात्याला त्याचा स्वतःचा मोबाइल नंबर जोडून घेता येतो. फॉर्म त्याचा त्याला भरू द्या.