पाडव्याची पंगत आणि मराठी रोजेदार

परदेशातील मराठी मंडळांचे वर्ष संक्रांत, पाडवा, गणपती आणि दिवाळी या चार मुक्कामांवरून फिरते, आणि घरापासून हजारो मैल दूर राहणाऱ्या कुटुंबांना त्यातून जो दिलासा मिळतो त्याविषयी वाद घालण्याचे कारण नाही. मात्र या कार्यक्रमपत्रिकेतून मराठीपणाची जी एक अलिखित व्याख्या तयार होते, तिच्या उंबरठ्यावर दरवर्षी काही तरुण उभे राहतात आणि एक-दोन कार्यक्रमांनंतर दिसेनासे होतात. महाराष्ट्रातून उच्च शिक्षणासाठी येणारे मुसलमान विद्यार्थी हे त्यांपैकी प्रमुख. या विद्यार्थ्यांचे मराठीशी असलेले नाते परदेशात सैल होते, त्याचा दोष विद्यापीठाला किंवा मशिदीला देण्यापूर्वी मंडळांनी आपल्या स्वागताच्या टेबलाकडे पाहावे, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

महाराष्ट्रातील सर्वच मुसलमानांच्या घरी एक भाषा बोलली जात नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे बहुतेक घरांत दखनी, म्हणजे मराठी व तेलुगूच्या शेजारात वाढलेली उर्दूची दक्षिणी बोली चालते. उलट रत्नागिरी, रायगड आणि सिंधुदुर्गातील कोकणी मुसलमानांच्या घरात आई मुलाला रागावते ती मराठीच्याच कोकणी बोलीत, मग त्या मुलाची शाळा उर्दू माध्यमाची असो वा मराठी. या समाजातील देशमुख, खोत, मुकादम, महाडिक ही आडनावे शेजारच्या हिंदू घरांच्या दारांवरही आढळतात. त्यामुळे मंडळाच्या नोंदणीच्या टेबलावर एक ठरावीक प्रसंग घडतो: आडनाव ऐकून गाव विचारले जाते, आणि नाव ऐकल्यावर भाषा.

या विद्यार्थ्याचा परदेशातील दिवस कसा जातो, याची कल्पना मंडळातील फार थोड्यांना असते. दिवसातून पाच वेळा करावयाची नमाज सूर्याच्या स्थितीशी बांधलेली असते. रत्नागिरीच्या अक्षांशावर दिवसाची लांबी वर्षभरात सुमारे अकरा ते तेरा तासांच्या दरम्यान राहत असल्यामुळे या वेळा फारशा हलत नाहीत. परंतु स्कॉटलंडमधील एडिनबऱ्यात डिसेंबरच्या अखेरीस सूर्य सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवून दुपारी पावणेचारच्या आत मावळतो, आणि जुहर, असर व मगरिब, म्हणजे माध्यान्हीची, दुपारची आणि सूर्यास्ताची अशा तीनही नमाजा साडेतीन तासांत दाटीवाटीने येतात. प्रयोगशाळेतील तास नेमका याच वेळी असतो. जूनमध्ये उलट सूर्य रात्री दहापर्यंत मावळत नाही आणि पुढे पूर्ण अंधार होतच नाही, त्यामुळे रात्रीच्या नमाजेची वेळ कोणती धरावी यावर तेथील मशिदींत मतभेद असतात. 2015 ते 2018 या वर्षांत रमजान जूनमध्ये किंवा त्याला लागून येत होता, तेव्हा तेथील रोजा, म्हणजे पहाटेपासून सूर्यास्तापर्यंतचा पाण्याविना उपवास, एकोणीस तासांच्या घरात गेला होता.

विद्यापीठांत सर्वधर्मीयांसाठी प्रार्थनेची खोली असते, पण वजूची सोय प्रत्येक ठिकाणी असतेच असे नाही. वजू म्हणजे नमाजेपूर्वी तोंड, कोपरापर्यंत हात आणि घोट्यापर्यंत पाय धुण्याचा विधी. चौथ्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहात एक पाय जमिनीवर आणि दुसरा हात धुण्याच्या बेसिनमध्ये, विजारीचा पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेला, अशा अवस्थेत दार उघडून प्राध्यापक आत येणे हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की नव्या विद्यार्थ्यांना जुने विद्यार्थी त्याची आधीच कल्पना देऊन ठेवतात.

प्रार्थनेच्या खोलीतही तो पूर्णपणे घरचा नसतो. ब्रिटनमधील दक्षिण आशियाई मशिदी बहुतांशी हनफी पंथाच्या, तर कोकणी मुसलमान शाफई, आणि इस्लामी विधिशास्त्राच्या या दोन परंपरांत असरच्या नमाजेची वेळ वेगळी धरली जाते. त्यामुळे दापोलीच्या मुलाला वेळेचे सोबती मिळतात ते मलेशिया, इंडोनेशिया आणि सोमालियाचे. लाहोरच्या किंवा लखनौच्या विद्यार्थ्यांना तो भारतीय मुसलमान असल्यामुळे अस्खलित उर्दू बोलेल अशी खात्री असते, आणि त्याच्या उर्दूतले कोकणी हेल ऐकून ते हसतात. तरीही तेथे त्याला शुक्रवारच्या नमाजेनंतर जेवायला कोणीतरी हाक मारते. एडिनबऱ्याच्या मध्यवर्ती मशिदीचे स्वस्त स्वयंपाकघर तर शेजारच्या विद्यापीठातील सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांचे पोट भरण्यासाठी प्रसिद्ध आहे. मंडळाची स्पर्धा या आपुलकीशी आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

आता मुख्य तक्रारीकडे वळावयास हरकत नाही. मंडळात या विद्यार्थ्याचा अपमान कोणी करत नाही. होते ते कौतुक. ‘तुझं मराठी किती छान आहे रे!’ हे वाक्य त्याला पहिल्या दहा मिनिटांत ऐकावे लागते, आणि ते उच्चारणाऱ्याच्या मनात निखळ प्रेम असते, म्हणूनच त्याला उत्तर देणे अवघड होते. पुण्याच्या कुलकर्ण्यांना किंवा साताऱ्याच्या शिंद्यांना हे प्रशस्तिपत्र कोणी देत नाही. भाषा कमावून आणलेल्या परक्याला जे दिले जाते, ते जन्माने ती भाषा मिळालेल्याला दिले की त्याचा अर्थ आपोआप बदलतो: तू आमच्यातला नाहीस, पण आम्हाला चालतोस. यानंतरचा टप्पा सहसा हमीद दलवाईंचा असतो. चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेल्या, ‘इंधन’सारखी कादंबरी मराठीत लिहिणाऱ्या आणि 1970 मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणाऱ्या या लेखकाचे विचार मान्य असोत वा नसोत, त्यांचे नाव विशीतल्या मुलापुढे तोंडी परीक्षेतील प्रश्नासारखे टाकणे हा दलवाईंवरही अन्यायच आहे. शेजारी बसलेल्या हिंदू विद्यार्थ्याला आगरकर वाचले का, असे पंगतीत कोणी विचारत नाही.

येथे इतिहासाचा दाखला देण्याचा मोह होतो. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ ओवीत रचला. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा ज्यांच्या आवाजाने उठत, ते शाहीर अमर शेख बार्शीचे. लंडनच्या लिंकन्स इनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करून परतलेले आंबेतचे अब्दुल रहमान अंतुले 1980 मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. आणि 1990 मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद संतसाहित्याचे अभ्यासक यू. म. पठाण यांच्याकडे होते. त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरावे, यातून त्या लेखकांना मुख्य मांडवात काय कमी पडत होते याचा अंदाज येतो. पण अशी नामावली पुढे करण्यातही एक खोट आहे, कारण ज्या मुलाला फक्त दोन तास आपल्या भाषेत गप्पा मारायच्या आहेत, त्याच्या वतीने शेख महंमदांना साक्षीला उभे करावे लागणे हेच मुळात विपरीत आहे.

दुसरा मुद्दा पंचांगाचा आहे. इस्लामी हिजरी वर्ष आणि शालिवाहन शक या दोन्हींत महिने चंद्रावरूनच मोजले जातात. फरक इतकाच, की बारा चांद्र महिन्यांचे वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी कमी पडते, ती तूट शालिवाहन पंचांग अधिक मास घालून भरून काढते आणि हिजरी पंचांग तशीच राहू देते, म्हणून रमजान सर्व ऋतूंतून फिरतो. 2023 मध्ये अधिक श्रावण होता आणि त्यानंतरचा अधिक मास 2026 च्या ज्येष्ठात. या दोन अधिक मासांच्या दरम्यान दोन्ही पंचांगांचे महिने जोडीने चालतात. परिणामी 2024, 2025 आणि 2026 अशी तीन वर्षे गुढीपाडवा आणि रमजान ईद एक-दोन दिवसांच्या अंतराने आली. 2025 मध्ये पाडवा 30 मार्चला होता, आणि ब्रिटनमधील काही मशिदींनी त्याच दिवशी, तर काहींनी दुसऱ्या दिवशी ईद केली. मराठी मुसलमान विद्यार्थ्याच्या दृष्टीने याहून सोयीचा योग नव्हता. परंतु पाडव्याच्या आधीचा शनिवार-रविवार पाहून दुपारी एकला स्नेहभोजन ठरवणाऱ्या मंडळांच्या हे ध्यानातही आले नाही की ते रमजानचे शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे मानले जाणारे दिवस आहेत.

ब्रिटनच्या उत्तरेकडील एका मंडळात अशाच एका दुपारी मंडणगडकडची एक विद्यार्थिनी श्रीखंडाचे पातेले घेऊन वाढत होती. ओढणी डोक्यावरून घेऊन कानामागे खोचलेली, एका हातात डाव, आणि कोणी आग्रह केला की हसून ‘नंतर’ म्हणणारी. ती जेवत का नाही, असे एका सात-आठ वर्षांच्या मुलाने विचारले, तेव्हा त्याच्या आईने हलक्या आवाजात सांगितले की तिच्या लोकांचा उपास असतो. मुलाने मान वळवून सभागृहभर पाहिले आणि विचारले, ‘मग तिचे लोक कुठे बसलेत?’ प्रस्तुत लेखाचे निमित्त हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर त्या टेबलावर कोणालाही सुचले नाही, आणि थोड्या वेळाने एका कार्यकर्त्याने त्या मुलीची क्षमा मागितली ती जेवणाच्या वेळेबद्दल नव्हे, तर बिर्याणी ठेवली नाही म्हणून. पुरी, श्रीखंड, बटाट्याची भाजी यांत तिला निषिद्ध असे काहीच नव्हते. हलाल, म्हणजे धर्माने अनुमती दिलेल्या अन्नाचा प्रश्न मुख्यतः मांस, मद्य आणि प्राणिज जिलेटिन यांच्याशी संबंधित आहे. तिच्या गावी ईदला तांदळाची सांदणं होतात, आणि फणसाच्या रसातली सांदणं शेजारच्या हिंदू घरांतही होतात. अडचण फक्त घड्याळाची होती. संकष्टीला त्या त्या शहरातील चंद्रोदयाची वेळ मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर पहाटेच येते आणि उपास करणाऱ्याचे ताट झाकून ठेवणे मराठी घराला शिकवावे लागत नाही. तेच ताट त्या संध्याकाळी सूर्यास्तापर्यंत झाकून ठेवायला वेगळी उदारता लागली नसती.

परदेशात शिकणाऱ्या मुसलमान विद्यार्थ्यांची परंपरा मंडळांपेक्षा जुनी आहे, हेही जाता जाता नोंदवावे. मुंबईच्या अतिया फैजी 1906 मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी गेल्या. त्यांची बहीण नाझली ही मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबाची बेगम. अतियांनी तेथील दिनक्रम उर्दूत लिहून लाहोरच्या एका स्त्रियांच्या नियतकालिकाकडे पाठवला आणि 1921 मध्ये तो ‘जमाना-ए-तहसील’ या नावाने पुस्तकरूपात आला. त्यांच्याही आधीपासून रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान खलाशी इंग्लंडच्या बंदरांत उतरत होते. त्यांनी काही लिहून ठेवले नाही, पण त्या गोद्यांत मराठी बोली उमटली ती बहुधा त्यांच्या तोंडून.

पैशाचा प्रश्न येथे केवळ सूचित करता येईल. शैक्षणिक कर्जावरील व्याज हे इस्लामने निषिद्ध मानलेले रिबा, म्हणजे व्याजाचे उत्पन्न वा देणे, यात मोडते की नाही यावर धर्मपंडितांत एकवाक्यता नाही, आणि त्या संभ्रमात अनेक कुटुंबे कर्जाऐवजी दागिने व कलमांची जमीन विकतात. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याज-अनुदान देणारी केंद्र सरकारची ‘पढो परदेश’ योजना 2022-23 पासून बंद झाली. मंडळांच्या शिष्यवृत्ती निधींनी याकडे पाहावे. त्याचा तपशील स्वतंत्र लेखाचा विषय आहे. ओढणी घेणाऱ्या विद्यार्थिनींना भाड्याची खोली मिळताना होणाऱ्या त्रासाचेही तसेच.

लेखाचा सूर येथवर शिकवणीचा झाला असल्यास वाचकांनी तो सहन करावा. मंडळाचे कार्यकर्ते नोकरी सांभाळून, स्वतःच्या गाडीतून भांडी वाहून हे कार्यक्रम उभे करतात, आणि त्यांपैकी कोणाच्याही मनात दुजाभाव असल्याचा आरोप करण्याचा येथे हेतू नाही. त्यांना सर्वधर्मसमभावाचा ठराव करण्याची किंवा व्यासपीठावर ईद मिलनाचा वेगळा कार्यक्रम ठेवण्याचीही गरज नाही; तसल्या कार्यक्रमात या विद्यार्थ्याला पुन्हा पाहुणा म्हणूनच पहिल्या रांगेत बसवले जाते. त्याला नाटकाच्या तालमीत भूमिका द्यावी, अंकाची मुद्रिते तपासायला द्यावीत, त्याचे मराठी चुकले तर इतरांसारखेच टोकावे.

राहिला प्रश्न तारखांचा. 2027 मध्ये पाडवा 7 एप्रिलला आहे आणि रमजान तोवर संपून जवळजवळ महिना उलटलेला असेल, त्यामुळे ही अडचण सुटल्यासारखी वाटेल. परंतु 2028 पासून दोन-तीन वर्षे जानेवारीच्या अखेरीस होणारे तिळगुळाचे मेळावे रमजानात सापडतील आणि 2035 च्या आसपास दिवाळीचे फराळही. पुढील वर्षाची पत्रिका आखताना समितीने दोन्ही पंचांगे टेबलावर ठेवावीत, आणि जेवण दुपारऐवजी संध्याकाळी ठेवता येते का ते सभागृहाचे आरक्षण करण्यापूर्वी पाहावे, कारण आगाऊ रक्कम भरल्यावर वेळ बदलून मिळत नाही.