जुने घर, जमिनीच्या भावात

चोर्ला घाट चढून बेळगावला जाणारा गोंयकार पूर्वी तीन कामांसाठी जायचा : लग्नाचा बस्ता, दवाखाना आणि भाजी-धान्याची खरेदी. आता त्यात चौथे काम आले आहे, ते म्हणजे घर बघणे. म्हापशात किंवा पर्वरीत दोन खोल्यांच्या फ्लॅटला जेवढे मोजावे लागतात तेवढ्यात टिळकवाडीत, शहापुरात किंवा गावातल्या एखाद्या गल्लीत स्वतःच्या जमिनीवरचे बैठे घर मिळेल का, हा हिशेब आपल्याकडच्या बऱ्याच घरांत चाललेला असतो. त्यात वावगे काहीच नाही. बेळगाव आपल्याला परके नाही. गोवामुक्तीच्या लढ्यात आपल्या कितीतरी माणसांना याच गावाने आसरा दिला होता.

प्रश्न आहे तो घर जोखण्याचा. जुने घर दाखवताना दलालाचे एक वाक्य ठरलेले असते : "घराचं काही धरू नका, जागेचा भाव बघा." म्हणजे गुंठ्याचा दर गुणिले जागा, आणि त्यावर उभे असलेले घर शून्य. कधी कधी तर पाडण्याचा खर्च वजा करून घर शून्याच्याही खाली जाते. विकणारा मान खाली घालतो आणि घेणाऱ्याला वाटते, आपण शहाणपणाचा व्यवहार केला. माझे म्हणणे असे की हे शहाणपण अर्धवट आहे, आणि ते दोघांनाही महागात पडते.

आधी हे घर कसले ते पाहू. मी वाड्याबद्दल बोलत नाही, कॅम्पातल्या बंगल्यांबद्दल तर नाहीच. (तिथे बऱ्याच ठिकाणी जमीन संरक्षण खात्याची असते, तो विषयच वेगळा.) मी बोलतो आहे ते अनंतशयन गल्ली, कोनवाळ गल्ली किंवा शहापुरातल्या साध्या घराबद्दल. रुंदीला कमी, लांबीला जास्त. पुढे कट्टा, मग सोपा, माजघर, स्वयंपाकघर, मागे परस आणि नशीब असेल तर आड. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या भिंतींना टेकलेल्या, वर कौले.

आता हे घर पाडले तर काय होते? जुने घर जागेच्या कडेपासून कडेपर्यंत बांधलेले असते. नव्या बांधकामाला परवाना घ्यायचा तर नियमाप्रमाणे मोकळी जागा सोडावी लागते, आणि रस्तारुंदीची रेघ आत आली असेल तर पुढचा भागही जातो. अरुंद जागेत हे सगळे वजा केल्यावर उरते ते पुष्कळदा पाडलेल्या घरापेक्षा लहान. वर मजले चढवता येतात, हे खरे. पण म्हातारपणी राहायला म्हणून घर घेणाऱ्या माणसाला जिने चढायचे असतात का? ज्याला शून्य धरले, तेच त्या जागेवरचे सगळ्यांत मोठे तळघर ठरू शकते, हे गणित दलाल सांगत नाही.

म्हणून घर आधी घर म्हणून जोखावे, आणि ते पावसाळ्यात जोखावे. बेळगावचा पाऊस आपल्यापेक्षा निम्म्याहून कमी, पण जुलै-ऑगस्टची झड भिंतींची परीक्षा घ्यायला पुरेशी असते. मार्चमध्ये रंग दिलेली भिंत काहीच बोलत नाही. भिंत कशाची आहे ते विचारावे : जांभ्याची, भाजक्या विटांची की मातीची? ओल जमिनीतून वर चढली आहे की छपरातून खाली उतरली आहे? छपरातली ओल कौले चाळून, चार रिपा बदलून जाते; पायातली ओल सहज जात नाही. तुळईची टोके भिंतीत जिथे शिरतात तिथे टोकरून बघावे, कारण वाळवी आणि कूज तिथूनच सुरू होते. वडगाव-शहापूरच्या शिवाराकडे काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि भिंतीला तिरक्या भेगा पडतात. भेग जुनी आणि थांबलेली असेल तर घाबरू नये. दर वर्षी रुंदावत असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय विसार देऊ नये.

इथे भाबडेपणालाही जागा नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुरात बेळगाव जिल्ह्यात कितीतरी घरे कोसळली. ऑक्टोबर 2021 मध्ये बेळगाव तालुक्यातल्या बडाल अंकलगी गावात पावसाने भिजलेले मातीचे घर पडून 7 जणांचा जीव गेला. पायातून भिजलेली मातीची भिंत असेल तर ते घर पाडलेच पाहिजे, मग त्याचा कट्टा कितीही देखणा असो. जुने म्हणून राखा असे मी म्हणत नाही. न बघता शून्य म्हणू नका, एवढेच म्हणतो.

दुसरी परीक्षा कागदांची, आणि ती भिंतींपेक्षा अवघड. या भागात एकाच घराचे कागद तीन-तीन लिप्यांत निघतात : पणजोबांचे खरेदीखत मोडीत, आजोबांचे बाळबोध मराठीत, 1956 नंतरच्या नोंदी हळूहळू कन्नडमध्ये. शहापूर तर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होते, त्यामुळे तिथला जुना दप्तरही वेगळा. मोडी आणि कन्नड दोन्ही जाणणारी माणसे कमी होत चालली आहेत. भाषेचा वाद आपल्या जागी. पण कागद समजला नाही म्हणून "चालायचंच" म्हणू नये, पैसे देऊन वाचून घ्यावा. शिवाय 2024 पासून कर्नाटकात शहरी मिळकतीची नोंदणी करायला ई-खाता सक्तीचा झाला, आणि 31 ऑगस्ट 2025 पासून नोंदणी शुल्क 1 टक्क्यावरून 2 टक्के झाले. हा खर्च आधीच धरावा.

गोंयकाराने आणखी एक ध्यानात ठेवावे. आपल्याकडे पोर्तुगीज काळापासून नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, मुलगा-मुलगी समान, आणि विक्रीला जोडीदाराची सही लागते. तिकडे हिंदू वारसा कायदा. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींनाही मुलांइतकाच हक्क मिळाला, आणि वडील 2005 पूर्वी वारले असले तरी तो लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. तरीही "बहिणींचं काही नाही, त्यांची लग्नं झाली" हे वाक्य सर्रास ऐकू येते. ते ऐकले की तिथेच थांबावे. कोल्हापूरला, निपाणीला, गडहिंग्लजला दिलेल्या त्या बहिणींच्या सह्या असल्याशिवाय व्यवहार पुरा नाही. कायद्यानेही नाही आणि माणुसकीनेही नाही.

शून्याचा हा भाव सगळ्यांत जास्त लागतो तो त्यांनाच. भावंडे चार, घर एक, आणि प्रत्येकाच्या आयुष्यातली ही एकमेव मोठी रक्कम. चांगल्या भिंती, सागाच्या तुळया, पाण्याचा आड, चालत जाता येईल इतका जवळचा बाजार यांचे काही मोल धरले, तर तेवढे पैसे त्यांच्या वाट्याला जातात. आणि घेणाऱ्यालाही पाडून बांधण्याचा दोन वर्षांचा ताप वाचून पहिल्या पावसाआधी राहायला जाता येते.

जाताजाता एक सांगतो. घर बघायला जाल तेव्हा दलालाला गल्लीच्या तोंडाशी थांबवा आणि शेजारच्या कट्ट्यावर दहा मिनिटे बसा. सामाईक भिंतीचा तंटा, बोळातून जाणारे सांडपाणी, आडाला मे महिन्यात पाणी असते की नाही, हे सगळे तिथे फुकट कळते. मराठीत विचारा नाहीतर मोडक्या कन्नडमध्ये. त्या कट्ट्यावर तुम्हाला चहा विचारला गेला, तर त्याचीही किंमत हिशेबात धरा.