बागेतलं बाक कुणाच्या मापाचं?

बागेत ठेवायचं बसण्याचं सामान बसणाऱ्याला आपल्या मापाचं करून घेता आलं पाहिजे, असं माझं मत आहे. आमच्या सोसायटीत हे मत सध्या अल्पमतात आहे. बाजूने एकूण तीन मतं : माझं, सौ.चं आणि आमच्या मिस्त्रींचं. त्यातले मिस्त्री सोसायटीचे सभासद नाहीत!

झालंय असं, की सोसायटीच्या बागेत सिमेंटची सहा बाकं बसवायचा विचार चालू आहे. एका सभासदांनी वडिलांच्या स्मरणार्थ दोन बाकं देऊ केली आहेत, उरलेली चार निधीतून. सगळी एका साच्यातली, एका उंचीची, हात नसलेली. पाठीवर नाव कोरायला मात्र भरपूर जागा. सिमेंटच्या बाकाबद्दल माझं वैर नाही. ते मोडत नाही, चोरीला जात नाही, त्याला वाळवी लागत नाही. पण एप्रिलमध्ये संध्याकाळी सहा वाजताही ते तव्यासारखं तापलेलं असतं, डिसेंबरात सकाळी त्यावर टेकवत नाही, आणि पावसाची सर येऊन गेली की तासभर वर पाणी साचलेलं असतं. हे सगळं आपण वर्तमानपत्र अंथरून निभावून नेतो. खरी अडचण उठताना येते.

वयस्कर माणूस बसतो कसा यापेक्षा तो उठतो कसा हे बघावं. पाय मागे घेतो, पुढे झुकतो आणि हातांनी काहीतरी रेटून वर येतो. म्हणजे बैठकीच्या पुढच्या कडेखाली पाय मागे घ्यायला मोकळी जागा हवी, आणि रेटायला दोन्ही बाजूंना हात हवेत, तेही पुढच्या कडेपर्यंत आलेले. बैठक साधारण 45 ते 48 सेंटिमीटर उंच हवी आणि मागे फार उतरती नको. आमच्याकडे नमुना म्हणून आणलेलं बाक मी टेप लावून मोजलं. बैठक 40 सेंटिमीटर, खाली भरीव पाया, हात नाहीत. हिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून ही त्या बाकावर एकदाच बसली. उठवायला मी आणि वॉचमन असे दोघे लागलो. त्यानंतर आठ महिने ही खाली बागेत आलेली नाही. गॅलरीतून बाग बघते. पारिजातकाचा सडा चौथ्या मजल्यावरून दिसतो, पण त्याचा वास काही तिथवर येत नाही.

तर हा प्रश्न माझ्यापुरता सौंदर्याचा नाही.

आता कुणी म्हणेल, मास्तर, तुम्ही मराठी आणि इतिहास शिकवलात, सुतारकामात कुठे शिरता? पण शाळेत कार्यानुभवाचे तास ज्याच्या वेळापत्रकात भोक असेल त्याच्या गळ्यात पडायचे, आणि माझ्या वेळापत्रकात भोकं पुष्कळ असत. कोठारी आयोगाने (1964-66) शिक्षणात कार्यानुभव हवा असं सांगितलं, त्याचा शेवट आमच्याकडे बहुधा खडू आणि कागदी फुलं यांत झाला. तरी एक वर्ष शाळेच्या सुताराबरोबर मी मुलांकडून पाट आणि चौरंग करून घेतले होते. रंधा, पटाशी, गुण्या यांच्याशी तेव्हापासून ओळख आहे. मैत्री म्हणवत नाही.

एकमेकांत गुंतणाऱ्या पट्ट्यांची कल्पना मला सुचली ती पोथी ठेवायच्या घडीच्या रेहलवरून. तुमच्यापैकी अनेकांच्या देवघरात असेल. एकच फळी असते. ती दोन्ही टोकांकडून जाडीच्या मधोमध चिरत आणतात आणि मध्ये बोटांसारखे दाते कोरतात. मग ती फुलीसारखी उघडते. बिजागरी नाही, खिळा नाही, सांधासुद्धा नाही! दोन हातांची बोटं एकमेकांत घालावीत तशी ती लाकडाची बोटं. इटलीत पंधराव्या-सोळाव्या शतकात याच जातीच्या खुर्च्या होत्या. वाकवलेल्या पट्ट्यांच्या दोन रांगा एकमेकींतून आरपार जाणाऱ्या, मध्ये एक आस, खुर्ची मिटते आणि उघडते. त्यांना पुढे सावोनारोला खुर्ची असं नाव पडलं, फ्लॉरेन्समध्ये 1498 साली ज्याला मृत्युदंड झाला त्या धर्मोपदेशकावरून. त्या बिचाऱ्याला आपल्या नावाची खुर्ची निघेल याची कल्पना असायचं कारण नाही, नाव बरंच नंतरचं आहे.

पाठ मागेपुढे करायची युक्तीही जुनीच. आपली कापडी आरामखुर्ची आठवा. मागच्या चौकटीला खाचा, त्यात दांडी अडकवायची, हवी तेवढी पाठ पाडायची. (हिच्यात बोट सापडलं नाही असं मूल आमच्या पिढीत विरळाच.) विलायतेत विल्यम मॉरिसच्या कंपनीने 1860च्या दशकात जी खुर्ची विकायला काढली, तिच्यातही पाठीमागे एक दांडी आणि ती पुढेमागे सरकवायची सोय, एवढंच यंत्र होतं. मूळ नमुना ससेक्समधल्या एका सुताराकडचा. मला याचं फार बरं वाटतं.

उलट उदाहरणही देतो. धाकटीकडे न्यू जर्सीला गेलो होतो तेव्हा तिच्या मागच्या अंगणात पट्ट्यापट्ट्यांची, रुंद हातांची, मागे कललेली खुर्ची होती. अ‍ॅडिरॉन्डॅक म्हणतात तिला. न्यूयॉर्क राज्यात वेस्टपोर्ट नावाच्या गावी थॉमस ली यांनी 1903 मध्ये आपल्या उन्हाळी घरासाठी ती बनवली, आणि त्यांनी ज्या सुतारमित्राला नमुना दिला त्या हॅरी बनेलने 1905 मध्ये परस्पर पेटंट घेतलं. दिसायला देखणी, बसायला स्वर्ग, आणि उठताना मात्र जावयाला हाक मारावी लागते. बैठक खोल आणि मागे उतरती! तिचे हात इतके रुंद की चहाचा कप आणि पुस्तक दोन्ही मावतात, तेवढा गुण मी उचलला आहे.

आता आमची खुर्ची. वाचकांपैकी इंजिनियर मंडळींनी हसायला हरकत नाही, पण मापं नीट बघा.

बैठकीला 14 पट्ट्या आणि पाठीला 13. प्रत्येक पट्टी 20 मिलिमीटर जाड, आणि आडवी न ठेवता उभ्या धारेवर ठेवलेली. बैठकीच्या दोन पट्ट्यांमध्ये पाठीची एक, अशा त्या मागच्या टोकाला एकमेकींत शिरतात, आणि सगळ्यांतून 12 मिलिमीटरचा स्टेनलेस स्टीलचा एक गज आरपार जातो. पाठ त्या गजाभोवती फिरते. दोन पट्ट्यांच्या मध्ये 2 मिलिमीटर जाडीचा वायसर. म्हणजे 27 पट्ट्यांचे 540 आणि 26 फटींचे 52, एकूण 592 मिलिमीटर रुंदी झाली. एका माणसाला ऐसपैस.

या 2 मिलिमीटरवरून मिस्त्रींचा आणि माझा पाऊण तास गेला. मला फट दिसायला कमी हवी होती. मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, पावसाळ्यात लाकूड पाणी पितं. आज बोटं मोकळी दिसतात, जुलैत मूठ आवळेल." घरी येऊन हिशेब मांडला. सागवान लांबीत जवळजवळ फुगत नाही, फुगतं ते रुंदीत आणि जाडीत. मेच्या कोरड्या हवेतून भर पावसाळ्यात गेल्यावर 20 मिलिमीटरची पट्टी जाडीत साधारण 0.2 मिलिमीटर वाढेल असं धरा. एका पट्टीचं काही नाही, नखाएवढंसुद्धा नाही. पण 27 पट्ट्यांचे पाच मिलिमीटरच्या वर होतात, आणि फट नसेल तर ती खुर्ची ऑक्टोबरपर्यंत उघडायची नाही. मिस्त्रींनी त्रैराशिक न मांडता सांगितलेलं मी मांडून पटवून घेतलं, एवढाच काय तो बी.ए.चा उपयोग.

पट्ट्याच का, सलग फळी का नाही, याचंही उत्तर यातच आहे. रुंद फळी फुगते, सुकते, पिळते आणि शेवटी तडकते. पट्ट्या आपापल्या जागी फुगतात आणि पाणी मधून निथळून जातं. लोखंडी खिळे मात्र नकोत. लाकडातल्या टॅनिनशी ओलं लोखंड जुळलं की काळे डाग पडतात, आणि खिळा गंजून फुगला की पट्टी फाटते.

पाठीचे कोन तीन. फिरणाऱ्या गजापासून 21 सेंटिमीटर वर खुर्चीचे हात येतात, ते मागे लांबवून त्यांत तीन खाचा पाडल्या आहेत, एकमेकींपासून सुमारे चार सेंटिमीटरवर. मागची दांडी पहिल्या खाचेत ठेवली की पाठ उभ्या रेषेपासून दहा अंश कलते. गप्पा मारायला, भाजी निवडायला हे बरं. दुसरीत वीस, पेपर वाचायला. तिसरीत तीस, डुलकीसाठी.

आणि पाठ उलट पुढे घेतली की? तिच्या तेरा पट्ट्या बैठकीच्या चौदा पट्ट्यांमधल्या फटींत जाऊन बसतात आणि वरचा भाग सपाट होतो. पाठ बैठकीपेक्षा दहा सेंटिमीटर लांब ठेवली आहे, म्हणजे तिची वरची आडवी पट्टी बैठकीच्या पुढे येते, मध्ये अडत नाही. झालं टेबल! रोपांच्या पिशव्या ठेवा, कॅरम ठेवा, हळदीकुंकवाचं तबक ठेवा.

माझ्या मनात तिसरा उपयोगही होता. पाठ पूर्ण मागे पाडून बाज करायची. मिस्त्रींनी ऐकून घेतलं आणि चौकटीच्या मागच्या कडेवर एक बोट दाबून दाखवलं. चौकट उचलली गेली. माणूस उशाकडे बसला तर पाय वर आणि डोकं जमिनीवर! मागे आणखी दोन पाय लावता आले असते, मग वजन वाढलं असतं, मग ती एकट्याला हलली नसती. तो उपयोग कागदावरच सोडून दिला. बाजारात 'सात उपयोगांचं' म्हणून जे सामान मिळतं त्यातले पाच उपयोग जाहिरातीपुरतेच असतात असा माझा अनुभव आहे. दोन पुरेत, पण ते दोन गुडघेदुखीच्या माणसाला एका हाताने जमले पाहिजेत.

कमिटीचे आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पट्ट्यांच्या कडा टोचतात, हे खरं. म्हणून कडा गोल केल्या आहेत आणि वर चौपदरी गोधडी लागते. पाठ पुढे येताना फटी कात्रीसारख्या मिटतात, त्यात मुलांची बोटं सापडतील, हे तर शंभर टक्के खरं. त्यासाठी हाताच्या खाली एक खुंटी ठेवली आहे, ती ओढल्याशिवाय पाठ उभ्या रेषेच्या पुढे येत नाही, आणि ती मुद्दाम लहान मुलाच्या हाताला जड जाईल अशी घट्ट आहे. वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी, जवसाचं तेल लावावं लागतं. "ते कोण लावणार?" असं एकांनी विचारलं. आमच्या सोसायटीत निवृत्त माणसं अकरा आहेत. दुपारी सगळी जागी असतात.

पैशाचा मुद्दा राहिला. एक खुर्ची एका सिमेंटच्या बाकापेक्षा महाग पडते, पडलेल्या वाड्याचं जुनं सागवान घेऊनसुद्धा. (या लाकडाबद्दल एकदा सावकाश लिहीन. ज्या तुळयांखाली चार पिढ्या नांदल्या त्या आता फुटावर विकल्या जातात.) पण सहाही बाकं लाकडी करा असं मी म्हणतच नाही. चार सिमेंटची होऊ देत, पोरांना त्यांवरून उड्या मारायला तीच बरी. दोन अशी करा. आणि उरलेल्या चारांना निदान हात लावा आणि बैठक 45 वर घ्या, त्याला काही सागवान लागत नाही. साचा बदलायचा म्हटल्यावर पुरवठादार कुरकुर करतो म्हणे. करू दे. बसणार आपण आहोत.

ज्यांनी बाकं देऊ केली त्या सभासदांशी परवा जिन्यात बोललो. त्यांच्या वडिलांना मी ओळखत होतो. शेवटची तीन वर्षं तेही खाली उतरत नव्हते. मी एवढंच म्हटलं की नाना या बाकावर बसले असते का, बघा. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी माझ्याकडून टेप मागून नेली.

वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. पहिली खुर्ची तयार आहे, सध्या आमच्या गॅलरीत. ही रोज तिच्यावरून दहा वेळा उठते-बसते आणि हात अर्धा इंच पुढे हवेत म्हणते. दुसरीत तसे केले आहेत, उंचीही 48 घेतली आहे. ती रविवारी येईल, आणि लिफ्टमध्ये मावत असल्यामुळे सरळ बागेतच नेऊन ठेवणार आहे, सभेची वाट न पाहता. जवळपासच्या मंडळींनी येऊन बसून जावं. साठीच्या पुढच्यांनी तर नक्कीच.