घरच्या घरी झिंक प्लेटिंग : रीलमध्ये न दिसणारा हायड्रोजन

गंजलेला बोल्ट, व्हिनेगरची बरणी, जुना मोबाइल चार्जर आणि वीस सेकंदांत बोल्ट नव्यासारखा! हे रील तुमच्याही फीडवर येऊन गेलं असेल. बाबांच्या मारुती ८००चं बोनेट उघडलं की आतला गंज बघवत नाही, म्हणून मीही करून बघितलं. व्हिनेगरमध्ये एप्सम सॉल्ट विरघळवलं, प्लसला जस्ताची पट्टी जोडली, मायनसला बोल्ट. बोल्ट काळा पडला. वर राखेसारखी पूड, बोटानं पुसली की साफ.

चूक चार्जरची होती, म्हणजे माझीच. चार्जर व्होल्टेज पक्कं ठेवतो, पण प्लेटिंगमध्ये करंट सांभाळावा लागतो. १ अँपिअर करंट तासभर गेला की जास्तीत जास्त १.२ ग्रॅम जस्त बसतं. १०० चौरस सेंटिमीटरवर पसरलं तर थर होतो १७ मायक्रॉनचा. घाई केली की थर न बसता पूड जमते. मग करंट लिमिट असलेला छोटा पॉवर सप्लाय घेतला, बोल्ट घासून पूर्ण तेलमुक्त केला, आणि जमलं. रीलसारखा चकाचक नाही, करडा मॅट थर, पण पक्का.

इथपर्यंत मजा आहे. पण बोल्टवर बुडबुडे दिसतात ना, तो हायड्रोजन. तो सगळा हवेत जात नाही, काही अणू थेट पोलादात शिरतात. गंज काढायला बोल्ट ॲसिडवाल्या टॉयलेट क्लीनरमध्ये बुडवला तरी हेच होतं. साध्या मऊ स्टीलला सहसा फरक पडत नाही. कडक पोलाद मात्र ठिसूळ होतं, आणि त्यातली वाईट गोष्ट म्हणजे बोल्ट आवळताना काहीच कळत नाही. तो तुटतो नंतर, काही तासांनी किंवा दिवसांनी.

मार्च २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे ब्रिजच्या नव्या भागात ९६ पैकी ३२ अँकर रॉड ताण दिल्यावर काही दिवसांतच तुटले. ते रॉड वितळलेल्या जस्तात बुडवलेले होते, हायड्रोजन आत जायचा मार्गही वेगळा होता. पण कडक पोलाद, ताण आणि हायड्रोजन हे त्रिकूट तेच.

म्हणून बोल्टच्या डोक्यावरचा आकडा आधी वाचा. ८.८ला धोका कमी. १०.९ आणि त्याहून जास्त १२.९ला हात लावू नका. कारखान्यात असे भाग प्लेटिंगनंतर लगेच २०० अंशांच्या आसपास काही तास भाजतात, हायड्रोजन बाहेर निघावा म्हणून. आपल्या किचनमधल्या ओटीजीच्या भरवशावर ब्रेकचा बोल्ट सोडायचा का? मी तरी नाही. (आईनं ओटीजी दिलाही नसता.)

दुसरा मुद्दा रंगाचा. जुन्या गाड्यांच्या बोल्टवरची ती सोनेरी पिवळी झाक बहुतेकदा हेक्साव्हॅलंट क्रोमियमची असायची. हे रसायन श्वासातून गेलं तर कॅन्सर होऊ शकतो. युरोपने नव्या गाड्यांच्या गंजरोधक थरातून ते २००७ पासून काढायला लावलं. कॅलिफोर्नियाने मे २०२३ मध्ये नियम केला : शोभेच्या क्रोम प्लेटिंगमध्ये ते १ जानेवारी २०२७ पासून बंद, अटी पाळणाऱ्यांना २०३० पर्यंत मुभा, औद्योगिक हार्ड क्रोमला २०३९ पर्यंत. नियम कारखान्याच्या धुराड्यावर लक्ष ठेवतो, बाल्कनीतल्या बादलीवर कोण ठेवणार? त्यामुळे ‘यलो क्रोमेट’चं पाकीट ऑनलाइन दिसलं आणि त्यावर ट्रायव्हॅलंट असं स्पष्ट लिहिलेलं नसलं, तर घेऊ नका. जस्ताऐवजी प्लसला स्टेनलेसचा चमचा लावायचा सल्लाही सोडून द्या, त्यातून क्रोमियम पाण्यात उतरतं.

माझ्या बोनेटच्या बिजागऱ्या, क्लॅम्प आणि वॉशर आता करडे झालेत. ब्रेक कॅलिपर आणि सस्पेन्शनचे बोल्ट मात्र नवे आणले. व्हिनेगरचं उरलेलं पाणी मोरीत ओतलं नाही, त्यात जस्त आहे. झाकण लावून, लेबल चिकटवून ठेवलंय, पुढच्या बॅचला तेच वापरणार.