चौकोन रंगवू नका, त्याला नाव द्या

सत्तरी ओलांडलेल्या बाईने एक्सेल आणि कोडवर लिहावं म्हणजे अतीच झालं, असं काहींना वाटेल. वाटू दे. पस्तीस वर्षं निकालपत्रकं केली आहेत, तेवढा अधिकार मला आहे.

आमच्या नातवाने एका शाळेला पायथनमध्ये निकालपत्रक करून दिलं. नापासाचा चौकोन लाल आणि गैरहजराचा रिकामा चौकोनही लालच. कुणीतरी लाल चौकोन मोजले, आणि कांजिण्यांमुळे पेपर न दिलेली एक मुलगी नापासांत जमा झाली! नशीब, वर्गशिक्षिकेच्या वेळेत लक्षात आलं.

"आजी, पाच मिनिटांत रंग बदलतो," म्हणाला. पण फॉन्ट, रंग, कडा सगळं कोडमध्ये सात ठिकाणी वेगवेगळं लिहिलेलं. अख्खी दुपार गेली.

माझं म्हणणं एवढंच. ओपनपायएक्सएलमध्ये 'नेम्ड स्टाइल'ची सोय आहे, ती वापरा ना! 'नापास' नावाची स्टाइल एकदाच ठरवा, वर्कबुकात नोंदवा आणि चौकोनाला फक्त तिचं नाव सांगा. 'गैरहजर' वेगळी. 'लाल' हे नाव मात्र नको. उद्या रंग बदलला की नाव खोटं पडेल. स्टाइल आधी पूर्ण ठरवा, मग लावा. लावल्यावर कोडमध्ये बदललीत तर आधीच्या चौकोनांना ते कळत नाही. फाइल एक्सेलमध्ये उघडल्यावर मात्र स्टाइल एकदा बदलली की ती लावलेले सगळे चौकोन बदलतात. शाळेच्या क्लार्कला त्यासाठी पायथन शिकावं लागत नाही.

"मशीनच रंगवतंय, आपले हात कुठे दुखतात?" हा तरुणांचा लाडका युक्तिवाद. अरे, मशीनलाही मर्यादा आहे. एक्सेल २००३ पर्यंत एका फाइलीत ४,००० वेगवेगळी स्वरूपं मावत. २००७ पासून ६५,४९०. जावातल्या अपाची पीओआयमध्ये दर चौकोनाला नवी स्टाइल बनवत बसणाऱ्यांचा प्रोग्राम अजूनही या मर्यादेला धडकतो.

पण मर्यादेचं सोडा. आम्ही लाल शाईची रेघ मारायचो, तेव्हा तिचा अर्थ पत्रकाखाली लिहायचो, कारण पत्रक करणारा एक आणि वाचणारा दुसराच असतो. रंग नुसता दिसतो, नाव अर्थ सांगतं. त्या मुलीचं वर्ष या फरकावर अडकलं असतं.

असो. नातवाने कोड पुन्हा लिहिलाय. पहिल्यापेक्षा छोटा झाला, हे त्यानेच कबूल केलं!