विमानाला निघण्याआधी बॅग उलटी करा

घरात परवान्याची बंदूक असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. तुमच्याकडे नसेल, पण मामाकडे, सासऱ्यांकडे किंवा चुलत्यांकडे असेल, तरीही वाचा. बंदूक एकाच्या नावावर असते, बॅगा मात्र सगळ्या घराच्या असतात.

आपल्या सातारा-सांगलीकडे अशी घरं कमी नाहीत. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसं फौजेत गेली. निवृत्त होऊन आलेल्या कुणी बँकेत गनमनची नोकरी धरली आणि त्यासाठी बाराबोअर घेतली. पाटण-शिराळ्याच्या डोंगरकडेला रानडुकरं आणि गवे पिकात शिरतात, म्हणून कुणाच्या वडिलांनी पीकसंरक्षणाचा परवाना काढला. जुन्या वाड्यांत शिकारीच्या दिवसांतल्या बंदुका आहेत. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पुढे शिकार बंद झाली. बंदुका राहिल्या. शिकारीच्या पिशव्याही राहिल्या.

आता याच घरांतली मुलं विमानाने फिरतात. कुणी बंगळुरूला कंपनीत, कुणी दुबईला, कुणी शिकायला जर्मनीला. विटा-आटपाडीकडची सोनं-चांदी गाळणारी गलाईवाली मंडळी तर देशभर पसरलेली. प्रवास ठरला की माळ्यावरची मजबूत बॅग खाली येते. मिलिटरीची पिशवी लवकर फाटत नाही, म्हणून ती बापाकडून पोराकडे येते. तिच्या आतल्या कप्प्यात काय राहिलंय, हे कुणी बघत नाही.

तिथं एखादं काडतूस राहिलेलं असतं.

हे कसं होतं ते नीट समजून घ्या. निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेकांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. घाईघाईत हाताला येईल ती पिशवी घेतली जाते. बंदूक जमा होते, पावती मिळते, आणि एक काडतूस अस्तराच्या फाटक्या शिवणीतून आत सरकलेलं असतं. दुसरा मोका खंडेनवमीचा. पाटावर कोयता, विळा, बंदूक आणि चार काडतुसं मांडायची, हळदकुंकू वाहायचं. दसऱ्याला आवराआवर कोण करतं? घरातली बाई. काडतुसं कुठं ठेवायची हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. ती बिचारी जवळच्या बॅगेच्या कप्प्यात ठेवते. पितळी बुडाच्या खाचेत कुंकू तसंच, आणि काडतूस पुढच्या उन्हाळ्यात पुण्याच्या विमानतळावर.

विमानतळावर बॅग यंत्रातून जाते. पडद्यावर धातू निळा दिसतो, आणि काडतुसाचा आकार सीआयएसएफच्या जवानांच्या डोळ्यांत बसलेला असतो. पॉइंट टूटूचं काडतूस जेमतेम एक इंच लांब, पण तेही सुटत नाही. मोठी बॅग खाली सामानात दिली म्हणजे कुणी बघत नाही, असं समजू नका. तीही तपासली जाते. फरक एवढाच, की तुम्ही आत गेटजवळ चहा पीत बसलेले असता आणि तुमच्या नावाचा पुकारा होतो.

मग विमान निघून जातं. सामान बाहेर काढलं जातं आणि तुम्हाला पोलिसांच्या ताब्यात देतात. पुण्याला विमानतळ पोलीस ठाणे, मुंबईला आंतरराष्ट्रीय टर्मिनलवर असाल तर सहार पोलीस ठाणे. पंचनामा होतो, काडतूस तपासणीला जातं.

शस्त्र अधिनियम 1959 चा आहे. त्यात जसा बंदुकीला परवाना लागतो, तसाच काडतुसालाही लागतो. परवाना बाबांच्या नावावर आणि बॅग मुलाच्या हातात, म्हणजे मुलाकडे परवाना नाही. ‘एकच तर होतं’ हे उत्तर काउंटरवर चालत नाही. कायद्यात तुरुंगवासाची शिक्षा लिहिलेली आहे.

खरं सांगायचं तर अशा प्रकरणांत बहुतेक माणसं निष्पाप असतात, आणि कोर्टालाही ते कळतं. 1972 साली गुणवंतलाल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की ताबा म्हणजे नुसतं जवळ असणं नव्हे, ती वस्तू आपल्याकडे आहे याची जाणीवही हवी. त्याच धर्तीवर उच्च न्यायालयांनी विसरलेल्या काडतुसाचे बरेच गुन्हे रद्द केले आहेत. पण तिथवर पोचायला वकील लागतो, पैसे लागतात आणि महिने जातात. कोल्हापूरला ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, त्यात सातारा आणि सांगली दोन्ही येतात. मात्र गुन्हा पुण्याच्या ठाण्यात दाखल झाला, तर अर्ज मुंबईलाच करावा लागतो. तुमचं घर सांगली जिल्ह्यात असलं तरी.

दरम्यान मुलाच्या नावावर फौजदारी केस दिसते. पोलिसांचा चारित्र्य दाखला अडतो. केस चालू असताना पासपोर्ट काढायला किंवा नवा करायला कोर्टाची परवानगी आणावी लागते. कंपनी विचारते. परदेशी विद्यापीठाचा प्रवेश सप्टेंबरचा असतो, तो कुणासाठी थांबत नाही.

म्हणून निघायच्या आदल्या दिवशी एवढं करा.

बॅग रिकामी करा. नुसती हात घालून चाचपू नका. अंगणात किंवा पलंगावर पांढरी चादर पसरा आणि बॅग तिच्यावर उलटी करून झटका. सगळ्या चेन उघडा. बाजूचे कप्पे, आतला जाळीचा कप्पा, खालचा पुठ्ठा उचलून त्याच्याखाली. अस्तर कुठं उसवलं असेल तर तिथून बोट फिरवा. चाकाच्या बॅगेत दांडा जिथं आत जातो, तिथं एक पोकळी असते. तीही बघा. जाकिटाचे खिसे विसरू नका, त्यातही जुनं फौजी जाकीट असेल तर आधी तेच.

मी तर म्हणेन, बंदुकीच्या कामाला वापरलेली बॅग विमानाला नेऊच नका. शेतावर न्या, एसटीने न्या, तिच्यात धान्य भरा. विमानासाठी साधी नवी बॅग घ्या. ती वकिलाच्या पहिल्या फीपेक्षा स्वस्तच पडेल.

रिकामी पुंगळीही चालत नाही. उडालेलं काडतूस आहे, त्यात दारू नाही, मग काय झालं, असं आपल्याला वाटतं. तपासणीवाल्याला ते तपासून घ्यावंच लागतं, आणि तेवढ्यात विमान जातं. गोळीच्या आकाराची किल्लीची साखळी, बंदुकीसारखा लायटर, गळ्यात घालायची पितळी गोळी, मुलांचं खेळण्यातलं पिस्तूल, ही सगळी मंडळीही घरीच ठेवा. सत्कारात मिळालेली तलवार हातातल्या सामानात घेऊन येणारे पाहुणे आपल्याकडे आहेत, हे मी थट्टेने लिहीत नाही.

शोधताना काडतूस सापडलं तर घाबरू नका. कचऱ्यात टाकू नका, नदीत टाकू नका, भंगारवाल्याला देऊ नका आणि चुलीजवळ तर मुळीच नेऊ नका. ज्याच्या नावावर परवाना आहे त्याच्या हातात द्या. काडतुसं मोजून एकाच कुलपात ठेवायची सवय त्यालाही लावा. परवानेवाला हयात नसेल, तर गावच्या पोलीस पाटलांना सांगा आणि ठाण्यात लेखी कळवा. जमा केल्याची पोच मागून घ्या.

आजोबा जाऊन पाच-सहा वर्षं झाली आणि बंदूक अजून कपाटातच, अशीही घरं आहेत. हे धोक्याचं आहे. परवाना माणसाबरोबर संपतो. तो वारसाच्या नावावर आपोआप येत नाही. बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, मग वारसाने जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा. 2019 च्या दुरुस्तीनंतर साधारणपणे एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, आणि त्यात वाडवडिलांकडून आलेलीही धरतात. तिचे कागद सरळ नसतील, तर तिचं काडतूस बॅगेत सापडल्यावर ‘आमच्या घरचा परवाना आहे’ हे सांगायची सोयही उरत नाही.

परदेशी जाताना तर दुप्पट जपा. इथल्या तपासणीतून चुकून सुटलात, तर पुढचा देश सोडेलच असं नाही. विमान बदलताना दुबई, दोहा, मस्कत इथं बॅग पुन्हा तपासली जाते. तिथं आपली भाषा नाही, आपला वकील नाही. 2024 साली टर्क्स अँड कैकॉस या कॅरिबियन बेटांवर सुट्टीला गेलेल्या काही अमेरिकन माणसांच्या बॅगांत काडतुसं निघाली. त्यातल्या काहींनी सांगितलं, की ती हरणाच्या शिकारीच्या वेळची राहून गेलेली होती. तिथल्या तेव्हाच्या कायद्यात किमान 12 वर्षांची शिक्षा होती. शेवटी शिक्षा स्थगित झाल्या, दंड झाले, माणसं घरी गेली. पण काही जण त्याआधी कित्येक आठवडे तिथंच अडकून पडले होते.

अमेरिकेत राहणाऱ्या मुलांना आणि भाच्यांनाही हे सांगा. तिथं बंदूक ठेवणं सोपं आहे आणि विसरणंही. 2023 साली तिथल्या विमानतळांच्या तपासणीत प्रवाशांकडे 6,737 बंदुका सापडल्या. सुट्टीच्या दिवशी नेमबाजीच्या रेंजवर नेलेली पाठीवरची सॅक गावी येताना आणू नको, असं स्पष्ट सांगा. आणि ‘बाबांसाठी तिकडून एक पिस्तूल आणतो’ असं कुणी म्हणालं, तर तिथंच थांबवा. नेहमीच्या सामानातून बंदूक भारतात आणता येत नाही. बाबांना घड्याळ आणायला सांगा.

आता ज्यांना खरोखरच बंदूक घेऊन जायची आहे, त्यांच्याविषयी. शिकारीसाठी म्हणाल, तर आपल्या देशात तो विषय संपला आहे. कुणी आफ्रिकेत हौशी शिकारीला नेतो म्हणाला, तर माझं मत विचारू नका. जायचंच असेल तर निदान स्वतःची बंदूक नेऊ नका.

खेळाडूंची गोष्ट वेगळी. शेजारच्या कोल्हापूरने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे असे नेमबाज दिले. कुसाळेंनी 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. तुमच्या मुलीनेही रायफल धरली असेल आणि तिची परदेशातली पहिली स्पर्धा असेल, तर तिकीट काढायच्या आधीच विमान कंपनीला विचारा. सगळ्या कंपन्या बंदूक घेत नाहीत. घेतात त्यांना आधी लेखी कळवावं लागतं, आणि मधे दुसऱ्या कंपनीचं विमान असेल तर तिचीही संमती लागते.

बंदूक रिकामी हवी. ती कुलूपबंद कडक पेटीत, फक्त खालच्या सामानात जाते, आणि काउंटरवर स्वतःहून सांगावी लागते. काडतुसं वेगळी, नीट बांधलेली. आंतरराष्ट्रीय नियमानुसार माणशी 5 किलोपर्यंत, आणि दोघांची मिळून एकत्र बांधायची नाहीत. एअर रायफलचं हवेचं सिलिंडर रिकामं करून न्या. मूळ परवाना, स्पर्धेचं आणि संघटनेचं पत्र, ज्या देशात जायचं त्याची परवानगी, हे सगळं हातातल्या पिशवीत, दोन-दोन प्रतींसह. परवाना कोणत्या क्षेत्रापुरता आहे तेही वाचा. जिल्ह्यापुरता किंवा राज्यापुरता परवाना घेऊन दिल्लीला उतरलात तर पंचाईत. देशाबाहेर जाताना कस्टममध्ये बंदुकीचा नंबर नोंदवून कागद घ्या, नाहीतर परतताना तुमचीच बंदूक तुम्ही बाहेरून आणली असं ठरेल. या कामाला वेळ लागतो. तीन तास आधी पोचा म्हणतात, तुम्ही पाच तास आधी पोचा.

आणि एवढं करूनही बॅगेत काडतूस राहिलंच, तर काय करायचं?

रांगेत उभे असताना आठवलं, हाताला लागलं, तर संडासात टाकायला जाऊ नका. बॅग यंत्रावर ठेवण्याआधी समोरच्या जवानाला सांगा. चौकशी होईलच, पण स्वतःहून सांगितलं हे नोंदीत येतं.

यंत्रात सापडलं, तर आवाज चढवू नका. ओळखी सांगू नका, कुणा पुढाऱ्याला फोन लावू नका. बॅग कुणाची, शेवटची कुणी वापरली, घरात परवाना कुणाचा, हे जे खरं असेल ते सांगा. घरी फोन करून परवान्याच्या सगळ्या पानांचा फोटो मागवा. पंचनामा वाचून मगच सही करा. काडतूस कुठं सापडलं, वरच्या खिशात की अस्तराच्या आत, हे त्यात बरोबर लिहिलंय ना ते बघा. पुढे कोर्टात जाणीव होती की नव्हती, हे बरंचसं त्या एका ओळीवर ठरतं. वकिलाला बोलावण्याचा तुम्हाला हक्क आहे, तो मागा. गुन्हा नोंदवला तर एफआयआरच्या प्रतीसाठी अर्ज दिल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.

परवानेवाल्या काकांनी त्या दिवशी फोन बंद ठेवू नये. पुतण्या निघाला आहे हे त्यांनाही माहीत असू द्या.